सैतानाला सही लागते

'बाल्डर्स गेट ३' खेळलेल्यांना राफाएल आठवत असेल. नरकाच्या आठव्या थरावर राज्य करणाऱ्या मेफिस्टोफिलीसचा हा मुलगा. नरकातल्या सिंहासनांच्या राजकारणात मुरलेला, यमकात बोलणारा, भरल्या ताटापुढे नेऊन बसवणारा. तुम्ही पार अडकलेले असता तेव्हाच तो येतो आणि करार पुढे सरकवतो. पण एक गोष्ट तो करू शकत नाही: तुमच्या वतीने सही.

हा नियम त्याच्या एकट्यापुरता नाही. या गेमचं मूळ म्हणजे १९७४ सालचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तिथे दुष्टांच्या दोन जाती आहेत. डीमन नुसता नासधूस करतो, डेव्हिल कायद्याने वागतो. आपल्याकडे दोघांनाही सैतानच म्हणतात, त्यामुळे हा फरक मराठीत सांगायला जरा त्रास होतो. डेव्हिल गोड बोलेल, बारीक अक्षरात कलमं लपवेल, पण आत्मा तुम्ही स्वतःहून दिल्याशिवाय त्याला मिळत नाही.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, मुरूड शांत असतं, आणि आम्ही पाच जण व्हिडिओ कॉलवर हा खेळ खेळतो. मागच्या मोसमात आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, एक दरबार रचला होता. राजा भला, पण त्याच्या हुकमाने तीन गावं जळालेली. सहा आठवडे खपून आम्ही शोधून काढलं की त्याचा प्रधान खरं तर डेव्हिल आहे. सगळे खूश. प्रधानाला मारलं की राजा पुन्हा चांगला! तेवढ्यात एकीने विचारलं, "राजावर मोहिनीमंत्र होता ना? मग तो सेव्हिंग थ्रोमध्ये हरला असेल." या खेळात तुमच्यावर मंत्र टाकला तर वीस बाजूंचा फासा टाकून तुम्हाला प्रतिकार करता येतो. डीएम म्हणाला, "मंत्र कुठला? प्रधानाने फक्त सल्ला दिला. हुकूम राजाने शुद्धीत काढला."

यावर तासभर भांडण झालं. दोघांना मंत्र हवाच होता. त्यांना प्रधानाची दया येत नव्हती, त्यांना राजा वाचवायचा होता.

मला तेव्हा कवी कलश आठवले, कारण मराठीतला सगळ्यात गाजलेला सैतान दरबारी तेच आहेत. म्हणजे होते. कनौजचे ब्राह्मण, कवी, संभाजी महाराजांचे छंदोगामात्य. बखरीत त्यांचा 'कलुषा' झाला. कलुष म्हणजे मळ, पाप, नावातच निकाल. तो जारणमारण करतो, राजाला नादी लावतो, राज्य बुडवतो. ही प्रतिमा पक्की करण्यात मोठा वाटा मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी.

मल्हाररावांचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेल्यावर अण्णाजी दत्तो वगैरेंनी धाकट्या राजारामांना गादीवर बसवलं होतं. संभाजी महाराजांनी रायगड ताब्यात घेतल्यावर अण्णाजींना एकदा माफ केलं. १६८१ मध्ये पुन्हा कट उघडकीला आला, तेव्हा अण्णाजींना आणि त्यांच्याबरोबर बाळाजींनाही मृत्युदंड दिला. आता सोपं उत्तर असं की वंशजाने सूड उगवला. ते बऱ्याचदा ऐकायला मिळतं. पण मग आपण फक्त कलुषाच्या जागी मल्हारराव बसवले, खेळ तोच राहिला. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याच गादीची सेवा करत राहिला आणि घराण्याची चिटणिशीही चालू राहिली. माझा अंदाज असा की ज्या गादीने बाप मारला आणि पोटही भरलं, तिच्याबद्दल लिहिताना हा राग कुठे ठेवायचा हा खरा प्रश्न असणार. बखर संभाजी महाराजांनाही सोडत नाही. पण मंत्र घालणारा बाहेरचा माणूस मिळाला की निदान हुकमावरची सही धूसर होते.

१९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचं संभाजी चरित्र आलं, पुढे इतरांनी काम केलं आणि कलशांवरचा डाग पुसला गेला. संगमेश्वरला १६८९ च्या फेब्रुवारीत दोघे एकत्र पकडले गेले, मार्चमध्ये दोघांचेही हाल करून जीव घेतले. राजाला बुडवायला आलेल्या माणसाची गोष्ट इथे बसतच नाही. अर्थात ते देवदूत नव्हते. १६८८ मध्ये शिर्क्यांशी त्यांचं इतकं बिनसलं की त्यांना विशाळगडाचा आसरा घ्यावा लागला आणि महाराज मदतीला धावले. वतनं, मानपान, बाहेरून आलेल्या माणसाच्या हातातला अधिकार: या भांडणाला जादू लागत नाही.

मग २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला. त्यात कलश जिवाभावाचे मित्र आहेत, छानच. पण रिकामी झालेली खुर्ची लगेच भरली. फितुरीचा शिक्का शिर्क्यांवर बसला, त्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. आमच्या टीममध्ये एक शिर्के आहे. त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "याच्याशी लाइव्ह लोकेशन शेअर करू नका." पस्तीस हसऱ्या इमोजी. त्यानेही एक टाकली, दुसरं काय करणार? सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यावर आलेल्या संकटाचा हिशेब एका टेस्टरच्या आडनावावर मिटला.

सल्लागाराची जबाबदारी नसते असं मी म्हणत नाही. वाईट सल्ला देणं हेही कृत्यच आहे आणि त्याची शिक्षा वेगळी असू शकते. पण सल्लागाराच्या पापातून ऐकणाऱ्याचं पाप वजा होत नाही, ती दोन वेगळी खाती आहेत.

'ध चा मा' सगळ्यांना पाठ आहे. राघोबादादांनी 'धरावे' लिहिलं, आनंदीबाईंनी 'मारावे' केलं आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. एका अक्षरात काकाचा गुन्हा काकूकडे! रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. पुढे दादा पेशवे म्हणून मिरवलेच, काही महिने का होईना.