वीणा कुणाच्या खांद्यावर

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात एकादशीच्या भजनाला मी पंधराव्या वर्षापासून अभंग म्हणत आलो. पुढं चाकणला कारखान्यात नोकरी लागली आणि नऊ वर्षं गाव सुटलं. परत आलो त्या पहिल्या एकादशीला मंडळींनी सरकून मला पेटीजवळची माझी जुनी जागा दिली. नऊ वर्षं ज्यानं भजन चालवलं, तो माझ्याहून धाकटा गडी काही न बोलता टाळ घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसला. त्या रात्री मी गायलो, पण जीव लागला नाही. परत आलेल्या माणसाचा जुन्या जागेवर हक्क असतो का?

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या पुतण्यापाशी हे बोललो. त्यानं मोबाइल पुढं केला. "काका, हे ऐका. यातला गायकही सोडून गेला होता, मग परत आला." अल्बम होता आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा, 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', २००० सालचा. शब्द मला कळले नाहीत. पण वरच्या पट्टीत गळा ताणून, सूर न सोडता गाणारा माणूस मी लगेच ओळखला. आमच्याकडं काकड्याला असाच आवाज लागतो.

पुतण्यानं सगळी हकिकत सांगितली. स्टीव्ह हॅरिसनं १९७५ मध्ये हा बँड उभा केला. ब्रूस डिकिन्सन १९८१ मध्ये आला आणि १९९३ मध्ये निघून गेला. त्याच्या जागी ब्लेझ बेली दोन अल्बम गायला. १९९९ मध्ये डिकिन्सन परतला. त्याच्याबरोबर जुना गिटारवाला एड्रियन स्मिथही आला. १९९० मध्ये स्मिथच्या जागी यानिक गर्स आला होता, त्याला मात्र कुणी उठवलं नाही. दोन गिटारींच्या तीन झाल्या. मग पॅरिसच्या स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र वाजवून हा अल्बम केला.

मी विचारलं, "आणि तो मधला गायक?"

"त्याला जावं लागलं, काका."

हे ऐकून मला मागच्या रांगेतला टाळ दिसला. गिटारीची जागा वाढवता येते, मुख्य गायकाची वाढवणं अवघड. एकाच्या परत येण्याची किंमत दुसऱ्यानं मोजली. पण पुतण्यानं पुढं एक गोष्ट सांगितली, तिनं मला धीर दिला. जानेवारी २००१ मध्ये रिओच्या प्रचंड मैफलीत डिकिन्सननं 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही गाणी म्हटली. दोन्ही बेलीच्या काळातली. आपण नसताना जे घडलं ते पुसून न टाकता त्यानं ते आपल्या गळ्यात घेतलं.

आमच्या सप्ताहात हेच तर शिकवलेलं आहे. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. पहारा संपला की पुढचा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. रात्री दोनला वीणा देऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाऱ्याला येतो, तेव्हा 'माझी वीणा द्या' म्हणत नाही. त्या वेळी ती ज्याच्या खांद्यावर असेल, त्याच्या पाया पडून घेतो. वीणा आपली नव्हेच, पहारा तेवढा आपला.

जनाबाई आमच्या गंगाखेडची. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली आणि तिथलीच झाली. अभंगाच्या शेवटी ती आपल्या नावाबरोबर नामदेवांचं नाव घेते. आज गोदाकाठी तिचे अभंग म्हणणारे शेकडो गळे आहेत, पण कुणी कितीही सुरेल गायलं तरी शेवटच्या चरणात नाव येतं ते तिचंच. गाणाऱ्याला मालक होऊ न देण्याची ही केवढी मोठी सोय! मग जागेवर हक्क कुणाचा? मला वाटतं, कुणाचाच नाही. परत येणाऱ्याकडं असतं ते ऋण. आपल्यामागं ज्यानं पहारा दिला त्याचं.

पुढच्या एकादशीला मी लवकर देवळात गेलो. पखवाजाच्या धुम्याला कणीक लावून झाली होती. पखवाज काळी दोनला लावलेला होता, त्या धाकट्याच्या पट्टीत. माझी पट्टी त्याहून वरची. पखवाजवाल्यानं मला पाहून गठ्ठे ठोकायला हातोडी उचलली. मी म्हणालो, "राहू द्या, याच पट्टीत म्हणतो."

जनाबाईचाच अभंग धरला, त्या धाकट्यानं बसवलेल्या चालीत. खालची पट्टी गळ्याला परकी वाटत होती. दुसऱ्या चरणाला चाल कुठं वळते ते मला येईना. मी मागं वळून पाहिलं. त्यानं बसल्या जागेवरून सूर उचलला, आणि मी त्याच्यामागं म्हणू लागलो.