धक्का कोण खातो?

वडील गेले तेव्हा अमरावतीच्या घरात त्यांच्या मागे दोन गोष्टी राहिल्या. पुस्तकं आणि गाडी. पुस्तकं मागणाऱ्यांना वाटून झाली. गाडी मी ठेवून घेतली. 1978ची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हटलं नाही, ती ‘फियाट’च. फियाट 1100च्या आराखड्यावरून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ही गाडी बने. सत्तरच्या दशकात कंपनीने नाव बदललं, लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं.

गाडी जशी आहे तशी ठेवायची, असं मी ठरवलं. स्टिअरिंगवर वडिलांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली जागा, ड्रायव्हरच्या बाजूला दबलेली सलग सीट, आणि तिचं ते डोलणं. खड्डा गेला तरी ती दोन-तीनदा वरखाली व्हायची, नाव किनाऱ्याला लागताना होते तशी. त्या डोलण्यात वडील आहेत असं मला वाटे. त्यांच्या शेजारी बसून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्याला आत्याकडे जायचो, तेव्हापासूनचं ते होतं.

तो रस्ता तेव्हा कसा होता हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आमची काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेलं डांबर तिच्याबरोबर उठतं आणि बसतं. सुमारे शंभर किलोमीटरला तीन-तीन तास लागत. मग जून 2022मध्ये याच मार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटरची एक लेन टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्या गुळगुळीत रस्त्यावरून फियाट नेताना मला वाटायचं, म्हातारीला सुखाचे दिवस आले.

गेल्या हिवाळ्यात मूर्तिजापूरच्या अलीकडे एक सायकलवाला अचानक आडवा आला. मी ब्रेक दाबला. नेमका तिथे रस्त्याला जोड होता. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं, आणि ती थांबायची सोडून उड्या मारत पुढे सरकत राहिली. सायकलच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. तो माणूस माझ्याकडे बघून काही न बोलता निघून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अकोल्यात जुन्या गाड्यांचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी ब्रेक पाहिलेच नाहीत. बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडलं. गाडी चारदा वरखाली झाली.

“मोजलं का भाऊ? एकदा वर येऊन बसाले पायजे. शॉकअप कधीचेच मेले हायेत. तुमी कमानीवर गाडी चालवून राह्यले.”

“पण ती पहिल्यापासून अशीच डोलते,” मी म्हणालो.

“पहिल्यापासून म्हंजे कवापासून?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शॉकअप धक्का खातो असा माझा समज होता. नावावरून कुणाचाही होईल. मिस्त्रींनी जुना शॉकअप काढून हातात दिला तेव्हा खरं काम कळलं. धक्का खाते ती स्प्रिंग. या गाडीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आहे, मागे पाट्यांची कमान. पण स्प्रिंगने घेतलेला धक्का तिच्यापाशी संपत नाही. ती तो साठवते आणि परत देते, पुन्हा घेते, पुन्हा देते. शॉकअपच्या नळीत तेल असतं. आतला दट्ट्या ते तेल बारीक भोकांतून ढकलतो, त्यात ती हालचाल जिरते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर चांगल्या शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो. थोडक्यात, त्याचं काम धक्का थांबवण्याचं नाही, धक्का पुन्हा पुन्हा बसू न देण्याचं आहे. ते झालं नाही की चाक जमिनीवर नीट टेकत नाही, आणि न टेकलेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो. माझ्या शॉकअपचं तेल कधीच गळून गेलं होतं. दट्ट्या एका बोटाने आतबाहेर होत होता.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. चारही शॉकअप बदलायचे म्हणजे ते डोलणं जाणार. मग ही वडिलांची गाडी राहील का? प्रश्न जुना आहे. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर ते जहाज तेच का, हे ग्रीकांनी विचारलं. आपल्याकडे नागसेनाने राजा मिलिंदाला रथाबद्दल तसंच विचारलं: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? कायद्याने तर हिशेब करूनच टाकला आहे. 2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हिंटेज’ ठरायची तर ती मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. शॉकअपचा तिथे उल्लेख नाही. माझी गाडी अजून पन्नाशीला यायची आहे, पण नियमाने पाहिलं तरी माझी अडचण सुटलेली होती.

नागसेनाच्या प्रश्नात मी दोन दिवस रमलो. मग लक्षात आलं की तो प्रश्न मला सोयीचा होता म्हणून मी तो धरून बसलो होतो. गाडी ‘काय’ आहे याचा विचार करत बसलं की ती ‘कुणासाठी’ धोक्याची आहे हे बाजूला पडतं. सायकलवाल्याला रथाच्या आसाशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि मिस्त्रींचा प्रश्न होताच. कवापासून? कुर्ल्याहून बाहेर पडलेली गाडी डोलत नव्हती. शॉकअप एका दिवसात मरत नाही. तेल थेंबाथेंबाने जातं, आणि रोज चालवणाऱ्याचा हात आणि पाठ त्याच्याशी थेंबाथेंबाने जुळवून घेतात. वडिलांना ते कळलंच नसणार. मला तर ती गाडीची चालच वाटली. चालवणारा हा आपल्या गाडीचा सगळ्यात वाईट साक्षीदार असतो. त्यात रस्ता नवा झाला आणि उरलीसुरली साक्षही गेली. दोष होता तिथेच होता, फक्त ब्रेक दाबेपर्यंत दिसणार नव्हता.

मग साक्ष कुणाची घ्यायची? मी अमरावतीला फोन लावून आईला विचारलं, मागच्या सीटवर कसं वाटायचं.

“पाठ दुखे ना बाबू. मूर्तिजापूर आलं की वाटे, उतरून पायी जावं.”

“मग बाबांना सांगितलं का नाहीस?”

“कायले सांगू? त्यायचा केवढा जीव होता गाडीवर.”

मला उशी आठवली. अकोल्याला निघताना आई नेहमी एक उशी घ्यायची. ती झोपण्यासाठी आहे असं आम्हां सगळ्यांना वाटे. मागच्या सीटवर आई कधी झोपलेली मला आठवत नाही.

जुन्या वस्तूवरच्या निष्ठेबद्दल माझं मत तेव्हा बदललं. जुनं जपू नये असं मी म्हणत नाही. स्टिअरिंगवरची ती गुळगुळीत जागा मी कुणाला रंगवू देणार नाही. तिचा त्रास कुणाला नाही. पण प्रत्येक खूण तशी नसते. काही खुणा आपल्याला आठवण म्हणून पुरतात आणि त्यांची किंमत दुसरंच कुणी देत असतं. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी गेली, तेव्हा मीही हळहळलो होतो. आता वाटतं, तेव्हा कुणीतरी उन्हापावसात ती दिवसाचे बारा तास चालवणाऱ्याची पाठही विचारायला हवी होती. घरातल्या रीतींचंही असंच असतं. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा पुढच्या सीटवरून बोललेलं असतं.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच पटतो. आईने सांगितलं नाही ते तिच्या प्रेमामुळे. मग मी आज तिच्या वतीने वडिलांवर फिर्याद का मांडतो? मांडत नाही. त्यांना माहीत नव्हतं. मला मात्र आता माहीत आहे, आणि एवढा फरक पुरेसा आहे. न कळलेल्या गोष्टीला चूक म्हणता येत नसेल, पण कळल्यावरही तिला आठवण म्हणत राहणं ही माझी चूक झाली असती.

शॉकअप बदलायला दोन दिवस गेले. मागचा एक नट गंजून बसला होता, त्यावर रात्रभर डिझेल टाकून ठेवावं लागलं. मिस्त्रींनी जोडीनेच बदलायचे असं बजावलं. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला मेलेला असला की गाडी वाकडी ओढते. रबरी बुशही नवे घातले. जुने चार त्यांनी विचारून भंगारात टाकले. मी एक मागून घेणार होतो, पण घेतला नाही.

परतताना गाडी खड्ड्यात गेली, वर आली, बसली. एकदाच. मला ते डोलणं आठवत राहिलं, अजूनही आठवतं. काही तरी गेलं आहे आणि त्याची भरपाई झालेली नाही, हे कबूल करायला हवं.

पुढच्या रविवारी आईला घेऊन अकोल्याला गेलो. ती सवयीने मागे बसली. मूर्तिजापूर गेल्यावर मी विचारलं, कसं वाटतं?

“बरी हाय आता,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पन उशी राहू दे.”