डोळे अधू झाले, मग पारायण कोणाचे?

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की आमच्या वयाच्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. अक्षर दिसत नाही. मग दुसऱ्याने वाचलेले श्रीगुरुचरित्र ऐकले तर ते पारायण आपले धरायचे का? काही जण 'नकोच ते' म्हणून पोथी रुमालात बांधून ठेवतात.

मला हे पटत नाही. मूळ ग्रंथच पाहा ना. सिद्धमुनी सांगतात आणि नामधारक ऐकतो. नामधारकाने कुठे वाचले? नवविधा भक्तीतही श्रवणच पहिले.

खरी अडचण वेगळीच आहे. शहरात वाचून दाखवणार कोण? मुलगा-सून सकाळी लोकल गाठतात, नातवंडांना क्लास. मग मोबाईलवर लावायचे. चालेल, पण मोबाईल मध्येच थांबून 'आजोबा, ऐकताय ना?' असे विचारत नाही. आपले दत्तगुरू रोज भिक्षेला कोल्हापुरास जातात म्हणतो, आणि आपल्याला घरच्यांकडे अर्धा तास मागायची लाज वाटते! याला स्वावलंबन म्हणावे की अहंकार? मला तरी अहंकारच वाटतो.

तसेच 'महाराजांची इच्छा' म्हणून तपासणी टाळणे. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि सुरुवातीला तो बहुधा दुखत-खुपतही नाही. औषधाचे थेंब वेळेवर घालणे हाही नेमच समजावा.

आणि रोज संध्याकाळी थोड्या ओव्या नातवाकडून वाचून घ्याव्यात. जोडाक्षराला तो अडखळेल. आपल्याला निम्म्या पाठ असतातच. तिथे आपण सांगावे.