नवेपण कोणाचे?

एखादा गायक ‘सापडतो’ तेव्हा नवे नेमके काय असते, हा प्रश्न अमेरिकन ब्लूजच्या इतिहासात ठळकपणे उभा राहतो. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८मध्ये ओके कंपनीसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली आणि मग ते विस्मृतीत गेले. ‘ॲव्हलॉन ब्लूज’ या गाण्यातल्या गावाच्या नावावरून ब्लूजचे चाहते टॉम हॉस्किन्स १९६३मध्ये तिथे पोहोचले, तेव्हा हर्ट त्याच परिसरात राहत होते. नवेपण श्रोत्यांच्या अज्ञानातून आले होते. गायक होता तिथेच होता. सन हाउस यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. १९६४मध्ये ते रॉचेस्टरला सापडले, पण गाणे सोडून त्यांना बरीच वर्षे झाली होती. त्यांचीच जुनी गाणी ॲलन विल्सन या तरुणाने त्यांना पुन्हा वाजवायला शिकवली. इथे शोधणाऱ्यांनी कलावंत काही अंशी घडवलाही; तरी त्यानंतरचा हाउस यांचा आवाज उसना म्हणणे अन्यायाचे ठरेल.