मिनहाग आणि पायंडा

आपण ज्याला चालरीत म्हणतो त्याला हिब्रूत 'मिनहाग' म्हणतात. बस हाकणारा 'नहाग' याच धातूतला, आणि 'नोहेग' म्हणजे गाडी हाकतो असेही व अमुक करण्याचा त्याचा रिवाज आहे असेही. साध्या सवयीला शब्द 'हेर्गेल'. त्याचे मूळ 'रेगेल', म्हणजे पाय, याच्याशी एक आहे. मराठीतला 'पायंडा' आठवावा. तोही आधी पायवाट आणि मग प्रघात. दोन भाषांची गाठ न पडता दोघींना एकच गोष्ट सुचली!

तनाखमध्ये 'मिनहाग' एकाच ओवीत येतो, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, अध्याय ९, ओवी २० मध्ये. तेथे तो रूढीविषयी नाहीच. इज्रेलच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला दुरून रथ दिसतो. स्वाराचे तोंड दिसत नाही, पण हाकण्याच्या तऱ्हेवरून तो येहू असावा हे त्याला कळते.

कोकणात आपले लोक असेच ओळखले गेले. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. डेव्हिड राहबीने बायकांपुढे मासळी ठेवली आणि त्यांनी पंख व खवले नसलेली बाजूला काढली, ही परंपरेने आलेली कथा वाचकांना ठाऊक आहेच. कथेतल्या त्या बायांना कारण विचारले असते तर "आमच्यात खात नाहीत" एवढेच त्या म्हणाल्या असत्या. म्हणून 'नुसती सवय' असे कोणी हिणवून बोलले की आम्हांला राग येतो.

पण याच समाजाने गोरे आणि काळे हा भेदही तितक्याच नेमाने पाळला. सोयरीक का नाही? "आमच्यात करीत नाहीत." उत्तर तेच! मासळीच्या वेळी ज्या उत्तराचा अभिमान वाटतो, त्याची येथे लाज वाटते. सवयीच्या अंगी निवड करण्याची बुद्धी नसते, ती फक्त वाहून नेते.

वॉर्डात नव्या मुलींना आम्ही बाटलीवरचे लेबल तीनदा वाचायला लावीत असू : कपाटातून काढताना, ओतताना, परत ठेवताना. रात्रपाळीत पहाटे चारला डोके चालत नाही, तेव्हा ही सवयच रोग्याला सांभाळते. मात्र का वाचायचे हे पहिल्याच दिवशी सांगत असू. नाहीतर मुलगी तीनदा ओठ हलवते आणि वाचत काहीच नाही.

मलिद्याचे तसेच. पोहे, खोबरे, साखर, फळे, सर्व ताटात व्यवस्थित मांडतो. हे एलियाहू हनाबीच्या नावाने का, असे मुलांनी विचारले की पुष्कळ घरांतून "आपली रीत आहे, गप्प बस" असे ऐकू येते. इकडे जन्मलेली मुले तेवढ्यावर गप्प बसत नाहीत. विचारू द्यावे. पोहे भिजेपर्यंत सांगण्याइतका वेळ असतो.