मुहूर्ताचे बाळंतपण

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा ज्या डोंबिवलीत सुरू होऊन कल्याण-ठाण्यासह राज्यभर पसरली, तेथे साडेतीन मुहूर्तांचे महत्त्व कोणास सांगावे लागत नाही. तथापि मुहूर्तावर सोने घेणे आणि ज्योतिषाने काढून दिलेल्या लग्नावर, म्हणजे पूर्वेस उगवणारी रास पाहून ठरवलेल्या वेळेवर, सिझेरियन करावयास सांगणे या गोष्टी एकाच श्रद्धेच्या मानता येत नाहीत.

मुहूर्त असतो तो माणसाने करावयाच्या कर्माला. सीमंतोन्नयन किंवा जन्मानंतरचे जातकर्म हे विधी असल्याने त्यांना काळाचे नियम आहेत; खुद्द जन्म मात्र सोळा संस्कारांत नाही. वराहमिहिराने ‘लघुजातका’त जन्मवेळेवरून फल सांगणाऱ्या शास्त्राला अंधारातील वस्तू दाखवणाऱ्या दिव्याची उपमा दिली असून, त्या वस्तू म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्माचा परिपाक होय. दिवा सरकवल्याने खोलीतील वस्तू बदलत नाहीत. कुंडली केवळ सूचक असेल तर निवडलेल्या लग्नाने बाळाचे प्रारब्ध, म्हणजे फळास आलेले संचित, हलणार नाही, आणि ती कारक असेल तर शल्यविशारदाच्या घड्याळापुढे कर्मसिद्धान्तच निरर्थक ठरेल. ती वेळ सुचणे हेही प्रारब्धच, हा बचाव चतुर खरा. पण मग ज्योतिषाकडे जाण्याचे प्रयोजन उरत नाही.

शरीराचा हिशेब वेगळा आहे. कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात वाढणाऱ्या अंतःस्रावांमुळे फुप्फुसांतील द्रव शोषला जातो. कळांआधी, विशेषतः ३९ आठवडे भरण्यापूर्वी, ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये ही तयारी अपुरी राहते आणि नवजाताला श्वासाचा त्रास अधिक प्रमाणात होतो. जन्ममार्गात आईकडून मिळणाऱ्या उपयुक्त जंतूंनाही असे बाळ बहुतांशी मुकते. पुढील वयातील दम्याशी सिझेरियनचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, परंतु संबंध म्हणजे कारण नव्हे, कारण ज्या अडचणीमुळे शस्त्रक्रिया करावी लागली तीही त्यामागे असू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, आणि गरज असते तेव्हा हीच शस्त्रक्रिया आई व बाळ दोघांचा जीव वाचवते. वैद्यकीय कारणाने दिवस ठरलाच असेल, आठवडेही भरले असतील, तर त्या दिवसातील तास पंचांगात पाहिल्याने कोणाचे बिघडत नाही.

ठाणे-डोंबिवलीच्या ज्योतिषांनी सिझेरियनची वेळ विचारण्यास आलेल्या कुटुंबाला आधी किती आठवडे भरले हे विचारावे, आणि डॉक्टरांनी कारण सांगितलेले नसेल तर पंचांग मिटून ठेवावे.