मातीत हात घालू या

सहामाही परीक्षा संपली, पाऊस ओसरला, की महाराष्ट्रातल्या पोरांना दिवाळीच्या किल्ल्याचे वेध लागतात. अंगणात, नाहीतर सोसायटीच्या कोपऱ्यात दगड-विटांचा ढीग रचायचा, जुनं पोतं चिखलात बुडवून त्यावर पसरायचं आणि वरून अळीव, मोहरी पेरायची. सकाळ-संध्याकाळ हलक्या हातानं पाणी शिंपडलं, की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. धबाधबा ओतलं, तर बी वाहून पायथ्याशी गोळा होतं. मग जंगल तिथं उगवतं आणि बालेकिल्ला बोडकाच राहतो!

हल्ली बाजारात तयार किल्ले मिळतात. रंगवलेले, हलके, माळ्यावर टाकता येणारे. ते आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. राजगड करायला घेतला, की पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कुठल्या दिशेला, यावर बाप-लेकीत जुंपते. पुस्तक काढलं जातं, आजोबा मध्ये पडतात. तयार किल्ल्यावर कोण कशाला भांडेल?

आता किल्ला कुठला करायचा? २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आणि एक तमिळनाडूत, जिंजी. तीन टेकड्यांवर पसरलेला हा किल्ला. राजाराम महाराजांनी इथूनच स्वराज्याचा कारभार चालवला. अंगणात तो सहसा कुणी करत नाही. यंदा करून बघा. मुलांबरोबर तुम्हीही मातीत बसा, आणि अळीव मात्र वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधीच पेरा.